दोन सळया की तीन? करमरकर-कार्प वाचताना

आटगावला काकांच्या घराचा स्लॅब चालू होता, तेव्हा फिटर मला म्हणाला, "मोठे तुकडे आधी काढायचे, बारीक नंतर. माल वाया जात नाही." सळई येते १२ मीटरची. समजा तुकडे हवेत ६, ४, ४, ४, ३, ३ मीटरचे. त्याच्या रीतीने पहिल्या सळईतून ६ आणि ४ निघतात, दुसरीतून ४, ४ आणि ३. शेवटच्या ३ मीटरसाठी तिसरी सळई कापावी लागते. पण ६+३+३ आणि ४+४+४ असं कापलं तर दोनच पुरतात. करून बघा.

हाच बिन पॅकिंगचा प्रश्न. दोन पुरतील की तीन लागतील, एवढं ठरवणंसुद्धा एनपी-हार्ड आहे. हे कळलं की आपण प्रस्तावात लिहून मोकळे होतो: "प्रश्न कठीण, म्हणून जेनेटिक अल्गोरिदम." मीही लिहिलं होतं. गाईडनी विचारलं, "तुझं उत्तर सर्वोत्तमापासून किती लांब?" मला सांगता येईना.

नरेंद्र करमरकर आणि रिचर्ड कार्प यांचा १९८२ चा पेपर म्हणून वाचा. करमरकर तेव्हा बर्कलीत कार्प यांच्याकडे पीएचडी करत होते. त्यांची प्रसिद्ध लिनिअर प्रोग्रॅमिंगची पद्धत १९८४ ची, म्हणजे नंतरची. इथे युक्ती अशी: एक सळई कापायची प्रत्येक रीत हा एक 'नमुना' धरायचा आणि नमुने अपूर्णांकात वापरायची मुभा द्यायची. नमुने अफाट असतात, तरी जवळजवळ नेमकं उत्तर काढता येतं. मग पूर्णांक भाग पक्का करायचा, उरलेले तुकडे गटात बांधून पुन्हा तेच. जास्तीच्या सळया किती? फार तर सर्वोत्तम संख्येच्या लॉगच्या वर्गाच्या प्रमाणात.

सुंदर आहे. पण हमी वाचताना भुलू नका. स्थिरांक १ आणि लॉगचा पाया २ धरू. सर्वोत्तम उत्तर १० लाख असेल तर जास्तीचे सुमारे ४००. फिटरच्या रीतीची हमी मात्र ११/९ पट, म्हणजे २ लाखांहून जास्त जादा. आता सर्वोत्तम उत्तर १० घ्या. करमरकर-कार्प ११ जादा होऊ देतात, फिटर फार तर २! आटगावच्या स्लॅबला हा पेपर काही कामाचा नाही, आणि वेळ पॉलिनोमियल असला तरी घात मोठा आहे, हेही पेपरच्या कौतुकात कुणी सांगत नाही.

तरी प्रस्ताव लिहिण्याआधी हाच वाचा, कारण इथे प्रत्येक पायरीला किती गमावलं याचा हिशेब आहे. जेनेटिक अल्गोरिदम वापरायला माझी हरकत नाही. निदान त्या लिनिअर प्रोग्रॅमचं उत्तर शेजारी छापा, म्हणजे तुमचं उत्तर फार तर किती लांब आहे ते दिसेल.

२०१७ मध्ये होबर्ग आणि रोथव्हॉस यांनी लॉगचा वर्ग घालवून नुसता लॉग ठेवला. पॉलिनोमियल वेळेत एकच जादा सळई पुरेल का, हे अजून कुणाला सुटलेलं नाही.