जप्ती, मनाई आणि गोठवणूक

सिंहगड रस्त्यालगतच्या धायरी-नऱ्हे परिसरात लहानमोठ्या यंत्रशाळा पुष्कळ आहेत. अशा एखाद्या कारखानदाराचा परदेशी ग्राहकाशी झालेला वाद करारातील अटीप्रमाणे सिंगापूरच्या लवादापुढे गेला, आणि तेथील निर्णय निष्फळ होऊ नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या येथील मालमत्तेसंबंधी अंतरिम आदेश दिला, अशी कल्पना करावी. या आदेशाची बातमी मराठीत बहुधा 'धायरीच्या उद्योजकाची मालमत्ता गोठवली' अशी येईल. ती वाचून कच्चा माल पुरवणारा उधारी थांबवील आणि कामगार पगाराच्या काळजीत पडेल. कारखाना गेला, अशीच दोघांची समजूत होईल. ती आदेशामुळे झालेली नसेल, तर आदेशासाठी योजलेल्या क्रियापदामुळे झालेली असेल. म्हणून त्या क्रियापदाची परीक्षा आवश्यक ठरते.

या व्यवहारात मराठीजवळ तीन शब्द आहेत. 'जप्ती' आणि 'मनाई' हे दोन्ही मूळचे अरबी असून फारसी दप्तरातून मराठीत आले. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा प्रयत्न शिवकालीन राज्यव्यवहारकोशात झाला, तरी हे दोन शब्द कचेरीत टिकून राहिले. 'गोठवणे' मात्र देशी असून 'गोठणे' या अकर्मक धातूचे ते प्रयोजक रूप आहे. या तिन्हींचा वाक्यातील संसार वेगवेगळा आहे. जप्ती वस्तूची होते, म्हणजे तेथे वस्तूची षष्ठी येते. मनाई माणसाला होते, म्हणजे तेथे व्यक्तीची चतुर्थी येते. 'खाते गोठवण्यात आले' या वाक्यात खाते हे कर्म असते. हुकूम कोणी दिला आणि कोणाला दिला, हे दोन्ही त्यात सांगावे लागत नाही. विभक्तीतील हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. आदेश वस्तूवर चालतो की व्यक्तीवर, हा कायद्याचा मूलभूत प्रश्नच त्यात उमटलेला आहे.

'गोठवणे' हा प्रयोग इंग्रजीच्या वळणावर घडला आहे. इंग्लंडमध्ये १९७५ साली रूढ झालेल्या या आदेशाला त्या वर्षीच्या एका खटल्यातील जहाजकंपनीवरून 'मरेवा' हे नाव पडले होते. १९९९ च्या नव्या दिवाणी नियमांनी ते बदलून त्याला गोठवणुकीचा मनाई हुकूम म्हटले. त्या नावात गोठवणूक हे विशेषण असून मनाई हे विशेष्य आहे. मराठीने विशेषण उचलले आणि विशेष्य सोडून दिले. वस्तुतः या आदेशाने धनकोला मालमत्तेवर तारण मिळत नाही. ऋणकोचा चरितार्थ आणि नित्याचा व्यापार यांसाठी लागणारा खर्च सामान्यतः मोकळा ठेवला जातो. आदेश व्यक्तीच्या सदसद्विवेकाला उद्देशून असतो. तो मोडणारा न्यायालयाच्या अवमानास पात्र ठरतो.

मूळ कार्यवाही परदेशात असली म्हणजे हा भेद अधिकच निर्णायक होतो. येथे दावाच नसताना आदेश कोणत्या आधारावर द्यावयाचा? हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७७ साली 'सिस्किना' प्रकरणात असा स्वतंत्र आदेश नाकारला. पुढे १९८२ च्या अधिनियमाने ती वाट उघडली आणि १९९७ पासून ती कोणत्याही देशातील कार्यवाहीसाठी खुली झाली. भारतात परदेशी न्यायालयात चालू असलेल्या दाव्याच्या साहाय्यार्थ अशी व्यापक तरतूद नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४४अ हुकूमनामा झाल्यानंतर, आणि तेही परस्परसंबंधी देशांपुरतेच, उपयोगी पडते. लवादाची गोष्ट निराळी आहे. २०१५ च्या दुरुस्तीने लवाद अधिनियमाचे कलम ९ परदेशातील लवादालाही, उलट करार नसल्यास, लागू झाले आणि त्यासाठीचे न्यायालय म्हणून उच्च न्यायालय ठरले.

त्या दुरुस्तीपूर्वीचे मुंबईतील एक प्रकरण येथे उद्बोधक आहे. एचएसबीसी पीआय होल्डिंग्ज (मॉरिशस) या कंपनीने २०११ साली एव्हिटेल पोस्ट स्टुडिओजमध्ये सहा कोटी डॉलर गुंतवले. पुढे फसव्या निवेदनांचा आरोप झाला आणि वाद सिंगापूरच्या लवादाकडे गेला. कलम ९ चा आश्रय मात्र करारातच राखून ठेवलेला होता. जानेवारी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी खात्यातील शिल्लक सहा कोटी डॉलरहून कमी असेल तेवढी तूट भरण्याचा आदेश दिला. खंडपीठाने त्याच वर्षी ती मर्यादा तीन कोटींवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०२० रोजी ती पुन्हा सहा कोटी केली. या आदेशाला 'गोठवणूक' म्हणणे तर्कदुष्ट आहे. जे खात्यात नाही ते गोठणार कसे? ती जप्तीही नव्हे. व्यक्तीला दिलेली ती आज्ञा होती.

हा संज्ञेचा गोंधळ मराठीपुरताच आहे असेही नाही. संहितेच्या आदेश ३८, नियम ५ मध्ये निकालापूर्वीच्या जप्तीसाठी कडक अटी आहेत. कलम ९ खाली रक्कम सुरक्षित करतानाही त्या पाळाव्यात काय? देशांतर्गत वादांत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन पीठांनी सप्टेंबर २०२२ मध्येच यावर भिन्न सूर लावले. एस्सार हाउस प्रकरणात त्या अटींच्या तांत्रिक अभावापायी साहाय्य नाकारू नये असे म्हटले गेले, तर सांघी इंडस्ट्रीज प्रकरणात त्या अटी पूर्ण झाल्याखेरीज आदेश देऊ नये असे ठरले. जप्ती आणि मनाई यांच्यामधील सीमा पुसट झाली म्हणजे असे होते.

'गोठवणे' हा शब्द सर्वस्वी त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल. गुन्ह्याच्या तपासात पोलीस बँकेलाच खात्याचा व्यवहार थांबवण्यास सांगतात. महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात १९९९ साली बँकखाते ही त्या अधिकारापुरती 'मालमत्ता' होय, असा निर्णय झाला. तेथे आदेश खात्यावरच चालतो, म्हणून क्रियापद यथार्थ आहे. दोष आहे तो एकच शब्द दोन्ही ठिकाणी चालवण्यात. त्यामुळे दिवाणी वादातील प्रतिवादीवर संशयिताची छाया पडते.

'मनाई' हा शब्द अतिव्यापक आहे, हा आक्षेप रास्त आहे. भिंत बांधण्यास मनाई असते, तशी जमावालाही असते. म्हणून 'विल्हेवाट-मनाई' असा समास सुचवावासा वाटतो. जेथे रक्कम भरण्याची आज्ञा असेल तेथे 'शिल्लक राखण्याचा आदेश' असे सरळ म्हणावे. 'उद्योजकाला अमुक रकमेपर्यंतच्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्यास मनाई' हे वाक्य लांब आहे खरे. परंतु कोणाला, कशाची आणि किती, या तीनही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. धायरीच्या त्या कामगाराला हवी असतात ती हीच उत्तरे. 'गोठवली' या एका शब्दात त्यांतील एकही सापडत नाही.