‘लंगडत घरी’ : एका यंत्रसंज्ञेचे स्पॅनिश रूपांतर

पुणे-नाशिक रस्त्यावरील कुरुळी व तिच्या पुढचे चाकण हा सारा टापू आज मोटारधंद्याचा आहे. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवागन व्हेंटो ही मोटार २०१० नंतरच्या दशकात मेक्सिकोसही जात असे. यंत्र जहाजातून जाते. त्याच्या संज्ञांना मात्र भाषेची सीमा ओलांडावी लागते. ‘लिंप-होम मोड’ ही अशीच एक इंग्रजी संज्ञा. एखाद्या संवेदकाकडून विसंगत माहिती आली, की इंजिनाचा संगणक त्याची शक्ती व फेरे मर्यादित करतो. हेतू हा, की चालकाने सावकाश का होईना, घर किंवा दुरुस्तीचे ठिकाण गाठावे.

स्पॅनिशमध्ये यास सामान्यतः ‘मोदो दे एमेर्हेन्सिया’, म्हणजे ‘संकटकालीन अवस्था’, म्हणतात. ‘लंगडणे’ या अर्थाचे ‘कोहेआर’ हे क्रियापद तेथे आहेच; ते टाळले हे योग्य झाले. पाया नीट न टेकणारे डुगडुगते मेजही स्पॅनिशमध्ये ‘कोहेआर’ करते. मोटारीस तो शब्द लावला असता वाचक वाकून चाकाकडे पाहू लागेल! इंग्रजीत मोडकळलेले जहाजसुद्धा लंगडत बंदर गाठते. मराठीत ते लंगडत नाही; फार तर रडतखडत येते.

तथापि ‘लिंप’ वगळताना ‘होम’ही गळाले, आणि खरी हानी ती आहे. लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ साली मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. इंग्रजी गतीची रीत क्रियापदात घालते व दिशा अव्ययावर सोपवते. स्पॅनिश ‘पोहोचणे’ हे मुख्य क्रियापद घेते व रीत धातुसाधिताने सांगते. मराठीही बव्हंशी असेच करते: ‘लंगडत घरी पोहोचला’. म्हणजे स्पॅनिशच्या प्रकृतीनुसार जो घटक मुख्य क्रियापदात यावयाचा, नेमका तोच प्रचलित संज्ञेत नाही. ‘संकट’ हा शब्द वाचून चालक भर रस्त्यात थांबेल. मूळ संज्ञा त्यास ‘जपून पुढे जा’ असे सांगत होती. संज्ञा गंभीर असावी, हा आक्षेप मान्य करूनही हा अर्थविपर्यास क्षम्य ठरत नाही.

‘रेंकेआर’ हे दुसरे क्रियापद कष्टाने रेटत चालणाऱ्या कामास किंवा व्यवहारासही लागते. ‘येगार रेंकेआंदो’, म्हणजे ‘खुरडत पोहोचणे’, या रचनेत रीत व दिशा दोन्ही राहतात. संज्ञा म्हणून ती लांब आहे, परंतु पुस्तिकेतील स्पष्टीकरणाच्या पहिल्या वाक्यात तिला जागा देण्यास काहीच हरकत नव्हती.

मराठीने तर अद्याप स्वतःची संज्ञा रूढ केलेली नाही. ‘लिंप मोड’ हे इंग्रजीतीलच आखूड रूप उसने चालते, आणि त्यातले घर इंग्रजीनेच आधी गाळलेले आहे.