दुरिताचा उगम आणि इव्हान कारामाझोव्ह

परमेश्वर सर्वशक्तिमान व सर्वथा चांगला असताना जगात दुरित आले कोठून? या प्रश्नाचे ख्रिस्ती परंपरेतील उत्तर संत ऑगस्टीन यांच्या काळापासून आपल्या परिचयाचे आहे. दुरित ही परमेश्वराने निर्मिलेली वस्तू नव्हे. ते चांगल्याचे न्यून आहे. मनुष्याची स्वतंत्र इच्छा आपल्या निर्मात्याकडे पाठ फिरवते, तेव्हा ते जन्मास येते. या उत्तराची जितकी कठोर परीक्षा दोस्तोव्हस्कीने 'ब्रदर्स कारामाझोव्ह' (१८७९-८०) या कादंबरीत घेतली आहे, तितकी क्वचितच कोणी घेतली असेल.

कादंबरीच्या पाचव्या भागात इव्हान आपल्या धाकट्या भावापुढे, मठवासी अल्योशापुढे, फिर्याद मांडतो. आठ वर्षांच्या एका भूदास मुलाचा दगड जमीनदाराच्या लाडक्या कुत्र्याला लागतो आणि तो जमीनदार आईच्या डोळ्यांदेखत त्या मुलावर शिकारी कुत्र्यांचा कळप सोडतो. प्रौढांनी निषिद्ध फळ खाल्ले, ते त्यांचे त्यांनी भोगावे. पण मुलांचा काय अपराध? अशा अश्रूंवर उभ्या राहणाऱ्या स्वर्गीय सुखाचे प्रवेशतिकीट इव्हान आदरपूर्वक परत करतो. इच्छास्वातंत्र्याच्या सिद्धान्ताचे दुबळे अंग येथे अचूक हेरले आहे. दुष्कृत्य करणाऱ्याचा उलगडा तो सिद्धान्त करतो. मूल गमावलेल्या मातेचे सांत्वन मात्र त्याने होत नाही. लेखकाचा अल्योशा नावाचाच मुलगा १८७८ साली, वयाची तीन वर्षे पुरी होण्याआधी, निवर्तला होता. या फिर्यादीतील तळमळ उसनी नाही.

यानंतर इव्हान धर्मन्यायाधीशाची कथा सांगतो. सोळाव्या शतकातील सेव्हिल नगरीत पुन्हा अवतरलेल्या ख्रिस्ताला एक वृद्ध कार्डिनल बंदिवान करतो. माणसाला न पेलणारे स्वातंत्र्य तू दिलेस, असा त्याचा ठपका आहे. चमत्कार, गूढ आणि अधिकार यांच्या बळावर आम्ही ते ओझे उतरवले, असे तो अभिमानाने सांगतो. रोमविषयीचा लेखकाचा पूर्वग्रह येथे लपत नाही. तथापि कॅथोलिक वाचकाने रागावून पुस्तक मिटू नये. भाविकांच्या सदसद्विवेकाचा भार परस्पर आपल्याच शिरावर घेण्याचा मोह आम्हां धर्मगुरूंच्या कोणत्याही पिढीला होऊ शकतो. शिवाय या कथेने इव्हान आपल्याच फिर्यादीला उत्तर देतो. स्वातंत्र्याची किंमत त्याला अवाजवी वाटते. पण ती वाचवणारे जग त्याने रंगवले, तेव्हा तो मेंढवाडा निघाला. तेथे भाकर आहे, निश्चिंती आहे. परंतु प्रेमाला स्वेच्छेने होकार देणारा कोणी उरलेला नाही.

बहुतेक चर्चा या दोन प्रकरणांपाशी थांबते. आमच्या मते दुरिताच्या उगमाविषयी कादंबरीचे खरे म्हणणे त्यापुढे आहे. नोकर स्मेर्द्याकोव्ह इव्हानला आडवळणाने घर सोडून जाण्याचे सुचवतो. बापाच्या जिवाला धोका आहे, हे इव्हानला मनातून उमगते. रात्री जिन्यावर उभा राहून तो खाली वावरणाऱ्या बापाची चाहूल घेतो आणि सकाळी निघून जातो. हाती शस्त्र नाही, मुखी आज्ञा नाही. आहे ती केवळ मूक संमती. बापाचा खून होतो, आणि खरा खुनी तूच, असे पुढे स्मेर्द्याकोव्ह त्याला सुनावतो. दुष्ट इच्छेच्या मुळाशी संत ऑगस्टीन यांना कोणतीही शक्ती आढळली नाही, आढळले ते न्यून. इव्हानच्या त्या प्रवासात हेच न्यून देहधारी झाले आहे. मुलांच्या अश्रूंबद्दल परमेश्वराला जाब विचारणाऱ्यालाही आपल्या इच्छेचा जाब द्यावाच लागतो.

म्हणून मुलाच्या आक्रोशाला उत्तर मिळाले, असे आम्ही म्हणणार नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानेही या प्रश्नाला झटपट उत्तर पुरणार नाही असे म्हणून संपूर्ण ख्रिस्ती श्रद्धेकडे बोट दाखवले आहे. दोस्तोव्हस्कीचा ख्रिस्त कार्डिनलशी वाद घालीत नाही. तो त्याचे चुंबन घेतो. कादंबरीच्या शेवटी लहानग्या इल्यूशाच्या दफनविधीनंतर अल्योशाही सिद्धान्त सांगत नाही. तो मुलांना गोळा करून आपल्या मित्राला आणि एकमेकांना न विसरण्याची विनंती करतो. ज्या इच्छेने इव्हान निघून गेला, त्याच स्वतंत्र इच्छेने अल्योशा तेथे थांबला आहे.