दळण आणि पिष्टपेषण

पोकळ आणि लांबलचक बोलण्यास मराठीनें जीं नांवें दिलीं आहेत, तीं एकत्र मांडून पाहिलीं म्हणजे एक गोष्ट तेव्हांच नजरेस भरते. यांतलीं कित्येक नांवें कष्टाच्या कामांतून आलेलीं आहेत. चऱ्हाट म्हणजे जाड दोर. तें वळीत बसावें तसें बोलणें लांबत गेलें कीं 'चऱ्हाट वळलें' असें आपण म्हणतों. गुऱ्हाळ उसाचें, टकळी सूत कातण्याची, दळण जात्यावरचें. यांपैकीं निरुपयोगी असें कांहींच नाहीं. गुऱ्हाळांतून गूळ निघतो, टकळीवर सूत निघतें, दळणाची भाकरी होते. उपहासाची धार नेमकी येथेंच आहे. वक्त्याची टकळी अखंड चालते. सूत मात्र निघत नाहीं!

येथवर या शब्दांचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. परंतु त्यांच्या उपयोगांत एक पक्षपात आहे, तो दृष्टीआड करतां येत नाहीं. दळण्याचीच उपमा संस्कृतानेंहि घेतली आहे. पिष्टपेषण म्हणजे दळलेलें पीठ पुन्हां दळणें. एखाद्या पंडितानें एकच मुद्दा दहा पानें घोळविला, तर परीक्षक 'पिष्टपेषण' एवढें लिहून त्याची सभ्यपणें बोळवण करतो. घरांतील स्त्री तीच तक्रार दुसऱ्यांदा सांगूं लागली, तर 'पुरे कर तुझें दळण' हें उत्तर तिला तत्काळ मिळतें. वास्तविक पंडिताचें पीठ आधींच दळलेलें असतें, हें त्याच्यासाठीं योजलेला शब्दच कबूल करतो. स्त्री पुष्कळदां पुन्हां बोलते, ती पहिल्या वेळीं कोणीं ऐकलें नाहीं म्हणून.

प्रत्यक्ष जात्यावर तर निराळेंच घडत होतें. हेमा रायरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांनीं खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या १,००,००० हून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल हे विषय त्यांत वारंवार येतात. पण या पुनरुक्तीस पोकळ कोण म्हणेल? फेरा तोच असला तरी प्रत्येक वेळीं मूठ नव्या धान्याची असते.

पुनरुक्ति ऐकणाऱ्याच्या कंटाळ्यावरून तोलली, म्हणजे काय होतें याचें उदाहरण 'चर्पटपंजरी' हा शब्द होय. शंकराचार्यांच्या नांवावर असलेल्या, पालुपदानें बांधलेल्या स्तोत्राचें हें नांव. मराठींत त्याचा अर्थ कंटाळवाणी बडबड असा होऊन बसला. त्या मानानें ध्वनिफितीच्या काळांत रूढ झालेला 'टेप लावणें' हा प्रयोग अधिक न्यायाचा वाटतो. टेप खरोखरच अक्षर न बदलतां तेंच म्हणते, आणि तिच्यापुढें पंडित व गृहिणी असा भेद नाहीं.

तेव्हां कोणाच्या बोलण्यास 'दळण' म्हणण्यापूर्वीं जात्यांत धान्य आहे कीं पीठ, एवढें तरी वाचकांनीं पाहून घ्यावें.