प्रदर्शन : पाहण्याचे की वाचण्याचे?

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात १७ ऑक्टोबरच्या सर सय्यद दिनानिमित्त ग्रंथप्रदर्शन भरते. अशा प्रदर्शनाचा निकष सर सय्यद यांच्याच ‘आसारुस्सनादीद’ (१८४७) या ग्रंथात सापडतो. त्यासाठी कुतुबमिनारवरील उंच शिलालेख त्यांनी शिंक्यात बसून उतरवून घेतले, असे चरित्रकार हाली सांगतात. दुरून दिसणारे अक्षर वाचता यावे, हाच त्यामागील हेतू. म्हणून ग्रंथ काचेखाली ठेवून केवळ नाव व साल लिहिणे अपुरे ठरते. त्यातून आदर वाढतो, आकलन नाही. शेजारी निवडक ओळींचे लिप्यंतर व अर्थ हवा. आपल्या महाविद्यालयांतील उर्दू न वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही प्राध्यापकांनी एवढे करावे. त्याला मोठा निधी लागत नाही.