समुद्रफेसाचा सुलतान

काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मागितला, तर माकुलाच्या पाठीतले पांढरे, हलके कवच पुढ्यात येते. जर्मन भाषेतल्या ‘मीरशम’चा अर्थही समुद्राचा फेस असाच आहे, पण ती वस्तू म्हणजे एक खनिज, मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट. गंमत अशी, की १८४७ मध्ये ग्लॉकर या खनिजशास्त्रज्ञाने त्याला ‘सेपिओलाइट’ हे नाव दिले, तेही माकुलाच्या कवचाशी असलेल्या साम्यावरूनच. तुर्की भाषेला मात्र समुद्राची आठवण होत नाही. तिथे तो ‘ल्युलेताशी’, म्हणजे सरळ चिलमीचा दगड.

तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या परिसरात विहिरीसारखे खड्डे खणून हा दगड गाठींच्या रूपात काढतात. ओला असताना तो सुरीने कापता येतो. कोरून, वाळवून, घासून झालेला पाइप वितळलेल्या मेणात बुडवतात. पुढे तंबाखूचा अर्क दगडात मुरतो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने पांढऱ्यावर मधाचा, मग तपकिरी रंग चढतो. संग्राहक बोलतात ते बहुधा या रंगाबद्दल. मला प्रश्न पडतो तो कोरलेल्या रूपाचा.

१९व्या शतकात हा दगड पेट्या भरभरून व्हिएन्नाला जाई. तिथले कारागीर त्यातून शिकारीची दृश्ये, घोडे, स्त्रिया कोरत. आणि पागोटे घातलेला, दाढीवाला तुर्कही. हा तुर्क युरोपीय गिऱ्हाइकाच्या मनातला होता. २०व्या शतकात कोरीवकाम एस्किशेहिरात रुजले, तेव्हा दगडाबरोबर हा चेहराही घरी परतला. आज तिथल्या दुकानांत पर्यटकासाठी मांडलेला सुलतान त्याच कुळातला आहे.

गेली काही वर्षे मी अशा पाइपांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहत आलो. दाढीचा केस न् केस सुटा, पागोट्याची घडी न् घडी जिवंत; आणि मधला चेहरा मात्र कोणाचाच नाही. हात कमी पडला म्हणावे, तर दाढी ते म्हणू देत नाही. चेहरा दुसऱ्याच्या मागणीचा आहे, एवढेच त्याचे कारण मला दिसते.

याच कारागिरांचा दुसरा प्रकार जाळीचा. बाहेरची भिंत आरपार कोरायची, आतले तंबाखूचे भांडे अखंड ठेवायचे. सुरी जराशी जास्त गेली, की सारे श्रम वाया. इथे कोणाची कल्पना पुरवायची नसते. दगडाचा मऊपणा आणि हाताचा संयम एवढाच विषय. कलाकृती म्हणून मी जाळीला सुलतानाच्या वर ठेवतो.

अर्थात सुलतान खपतो, आणि ज्या रूपावर घर चालते त्याला नावे ठेवणे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला सोपे असते. म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. व्हिएन्नाच्या पाइपांच्या पेटीवर सहसा दुकानाचे नाव असे, कोरणाऱ्याचे नसे. एस्किशेहिरच्या इस्मेत बेकलर यांच्यासारख्या कारागिरांनी पाइपावर स्वतःचे नाव घातले. नाव आपले झाले आहे. त्या नावाखाली कोणाचा चेहरा कोरायचा, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.