या नंबरवर उत्तर पाठवता येत नाही

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात एक चादरवाला बसतो. बसतो म्हणजे उभाच असतो, चादरींच्या ढिगावर. मागच्या थंडीत आईबरोबर गेलो होतो, तेव्हा तो ओरडत होता, "घ्या मावशी, रंग गेला तर पुढच्या ऐतवारी येऊन मलाच धुवा!"

एक म्हातारी चादरीचं टोक बोटांत चोळून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला धुतलं तर शिल्लक काय ऱ्हाईल रे? मळच की सगळा."

आजूबाजूचे हसले. सगळ्यात मोठ्यानं चादरवाला हसला. आणि त्या हशातच म्हातारीनं तीनशेची चादर अडीचशेला मागितली. सौदा दोनशे सत्तरला ठरला.

आम्ही चादर घेतली नाही, पण मी तो संवाद डोक्यात घेऊन घरी आलो. कारण काही महिने मीसुद्धा असलेच विनोद लिहायचो. पगार घेऊन, हजारो लोकांसाठी. आणि त्यातल्या एकानंही मला असं उत्तर दिलं नव्हतं. देऊच शकत नव्हता.

७० अक्षरांचा विनोद

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंजिनिअरिंग इथेच, संभाजीनगरात केलं. आधीची नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत होती. मोबाइल, फ्रिज, दुचाकी हप्त्यावर देणारी कंपनी. नाव सांगण्यात अर्थ नाही, अशा पुष्कळ आहेत. ग्राहकांना मेसेज पाठवणारी यंत्रणा माझ्याकडे होती. टीममध्ये अस्खलित मराठी येणारा मी एकटाच. एक दिवस मार्केटिंगवाल्यांनी सांगितलं, "हप्त्याच्या आठवणीचे मेसेज फार रुक्ष आहेत. जरा मजेदार कर. मराठी टच दे."

तुमच्या फोनवर येणारा कंपनीचा एसएमएस वाटतो तितका सहज लिहिलेला नसतो. ट्रायच्या २०१८च्या नियमावलीनंतर त्याचा मसुदा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. नाव, रक्कम, तारीख बदलते तिथे रिकाम्या जागा सोडायच्या. शिवाय इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. काना, मात्रा, अनुस्वार, सगळे वेगळे मोजले जातात. ७१वं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे. म्हणजे मराठी विनोद मुळातच महाग.

मी लिहिलं: "हप्ता आणि सासू, दोघांना वेळेवर भेटलेलं बरं! तारीख ५, विसरू नका."

मोजून पाहा, ७०च्या आत आहे. मीटिंगमध्ये टाळ्या मिळाल्या. मॅनेजर म्हणाला, "हा खरा रीजनल कनेक्ट." मला त्या दिवशी आपण लेखक झाल्यासारखं वाटलं होतं, हे लपवत नाही.

मामाचं उत्तर

माझा मामा गंगापूर तालुक्यात शेती करतो. सप्टेंबर २०२५चा पाऊस मराठवाड्यातल्या कुणाला वेगळा सांगायला नको. मामाचा कापूस शेतातच काळा पडला. दिवाळीत गेलो तेव्हा फराळ नेहमीसारखा होता, मामीच्या बोलण्यात मात्र नेहमीची घाई नव्हती.

जेवणं झाल्यावर मामानं फोन पुढे केला. "हे बघ. आता मोबाइलवाला पण सासूवरून बोलायला लागला."

माझीच ओळ होती. बहिणीच्या कॉलेजसाठी त्यानं तालुक्याच्या दुकानातून हप्त्यावर फोन घेतला होता. मागे पैसे कुठल्या कंपनीचे, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि त्यानं फोन घेतल्याचं मलाही.

त्या मेसेजखाली मामानं उत्तर टाइप केलेलं होतं: "सासू परवडली. रागावते, पण आधी जेवायला वाढते."

त्याखाली लाल खूण. मेसेज गेला नाही. दोनदा पाठवून पाहिला होता. "जात का नाही रे हे? तुझ्या लाइनीतलं आहे ना?"

मी तांत्रिक माहिती दिली. म्हटलं, तो खरा फोन नंबर नसतो मामा, नुसती अक्षरं असतात, तिथे उत्तर पाठवता येत नाही. ती ओळ माझी आहे, हे सांगितलं नाही.

दोन ओळी शेजारी ठेवून

आता त्या दोन ओळी समीक्षकाच्या नजरेनं बघू. माझ्या ओळीतली सासू कोण? कुणीच नाही. ती टीव्हीवरच्या स्किटमधून उचललेली, व्हॉट्सॲपवर झिजलेली सासू आहे. हप्त्याशी तिचा संबंध एवढाच की दोन्ही नकोसे. मामाची सासू मात्र हाडामांसाची आहे. ती रागावते आणि वाढते. एका "पण"मध्ये त्यानं माझी उपमा उलटी करून दाखवली. नात्यात राग असतो, पण भूकही विचारली जाते. तुमच्यात नुसती तारीख आहे. मला महिनाभर ट्रेनिंग दिलं असतं तरी ही ओळ सुचली नसती.

सासूवर विनोद करू नये, असं मला म्हणायचं नाही. इथून ५० किलोमीटरवर पैठण आहे. तिथल्या एकनाथांनी सोळाव्या शतकात एक भारूड लिहिलं. त्यात एक सून भवानीला रोडगा कबूल करते आणि सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी नवरासुद्धा अशा सगळ्यांपासून सोडव म्हणते. आजही ते रंगात आलं की बायका पदर तोंडाला लावून हसतात. त्याचा आध्यात्मिक अर्थ लावणारे लावतात, पण आधी हसू येतं. का? कारण बोलते आहे ती घरातली सगळ्यात दबलेली बाई. संत, पंडित असलेला माणूस तिच्या जागी जाऊन उभा राहिला आहे. वासुदेव, जोशी, गारुडी अशा दारोदार फिरणाऱ्यांचे आवाजही त्यानं असेच घेतले. माझ्या एसएमएसमध्ये मात्र सासूचा विनोद सावकार करत होता. शब्द तोच, तोंड बदललं की अर्थ बदलतो.

विक्री आणि वसुली

तुम्ही म्हणाल, जाहिरातीला उत्तर कुठे देता येतं? होर्डिंग काय, टीव्हीवरची जाहिरात काय, सगळं एकतर्फीच.

बरोबर. म्हणून फेविकॉलची ती बसची जाहिरात घेऊ. पीयूष पांडे ऑक्टोबर २०२५मध्ये गेले तेव्हा सगळ्यांनी पुन्हा शेअर केलेली. माणसांनी आत, बाहेर, टपावर लगडलेली बस खडबडीत रस्त्यावरून डुलत जाते, एकही माणूस पडत नाही. शेवटी मागच्या बाजूला फेविकॉलची पाटी दिसते. काळीपिवळीत एका मांडीवर पिशवी आणि दुसऱ्या मांडीवर अनोळखी पोर घेऊन प्रवास केलेल्या माणसाला ती बस ओळखीची वाटते. पण ती त्याला हसत नाही. त्याच्या गर्दीवरून कौतुक होतं ते डिंकाचं. आणि ती बघणारा माणूस मोकळा असतो. त्याला आवडलं तर तो हसेल, नाहीतर चॅनेल बदलेल. अमूलची होर्डिंगं १९६६पासून बहुतेक वेळा मंत्री, खेळाडू, सिनेमावाले यांच्यावर कोटी करत आली आहेत. लोणी घेणाऱ्याची खिल्ली हा काही त्यांचा धंदा नव्हे.

पुणेरी पाटीचंही तसंच. ग्राहकाचा इतका उघड अपमान करून माल विकण्याची परंपरा जगात दुसरीकडे असेल असं वाटत नाही. पुलंनी पुणेकर व्हायचे धडे दिले तेव्हा दुकानातलं गिऱ्हाईक ही सगळ्यात क्षुल्लक वस्तू, हेच तर दाखवलं. तरी आपण चिडत नाही, फोटो काढून फॉरवर्ड करतो. कारण दुकानदाराला आपली गरज नाही आणि आपल्यालाही त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. दोघंही मोकळे. शिवाय त्या उद्धटपणामागे मालाची खात्री असते. ब्रँडवाले नेमका उद्धटपणा तेवढा उचलतात. माल विसरतात.

इथे मला माझी चूक सापडली. विनोद विक्रीच्या आधी केला की तो आमंत्रण असतो. वसुलीच्या वेळी केला की टोमणा होतो. फोन घ्यायचा की नाही हे ठरवताना मामा गिऱ्हाईक होता, तेव्हा माझ्या ओळीवर तो हसून पुढे गेला असता. हप्ता थकायला आला तेव्हा तो बांधलेला माणूस होता. उठून जाता येत नाही, अशा माणसाला केलेली थट्टा ही थट्टा उरत नाही. आपल्याकडे थट्टा, चेष्टा, टवाळी, टोमणा असे वेगवेगळे शब्द उगीच नाहीत. मार्केटिंगच्या भाषेत मात्र या सगळ्यांना एकच शब्द होता: "विटी".

नावावरून हसणं

कोण हसतंय आणि कुणावर, हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही सुटत नाही. जून २०२३मध्ये पर्यावरण दिनाला झोमॅटोनं एक जाहिरात केली. 'लगान' (२००१) मधल्या कचरा या पात्राचं काम केलेले आदित्य लाखिया त्यात दिवा, टेबल अशा वस्तू बनून बसले होते. सांगायचं होतं की कचऱ्यापासून उपयोगी वस्तू होतात. 'लगान'मधला कचरा दलित आहे. गावकरी त्याला शिवायला तयार नसतात, तिथून त्याची गोष्ट सुरू होते. दिग्दर्शक नीरज घेवान यांच्यासह अनेकांनी ही जाहिरात जातीयवादी असल्याचं सुनावलं. कंपनीनं ती मागे घेतली आणि हेतू गमतीतून जागृतीचा होता असं सांगितलं.

हेतूबद्दल मी वाद घालत नाही. माझाही हेतू चांगलाच होता. पण मी ज्या शहरात वाढलो तिथे बाबासाहेबांनी १९५०मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. याच शहरातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८मध्ये केला, आणि त्यावरून मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. एका नावासाठी साडेपंधरा वर्षं. माणसाला कचरा असं नाव का मिळतं, हे नागसेनवनातल्या कुठल्याही पोराला ती फिल्म आधी दाखवली असती तर त्यानं सांगितलं असतं. त्या खोलीत असा कुणी नसावा, किंवा असून बोलला नसावा. दुसरी शक्यता मला जास्त ओळखीची वाटते. मीही मीटिंगमध्ये टाळ्या ऐकत गप्प बसलेलो आहे.

मराठीत विनोद करायचा म्हटलं की हल्ली दोनच साचे निघतात: पुण्याचा टोमणा आणि कोल्हापूरचा रुबाब. "ओ शेठ", "विषय हार्ड", "नाद करायचा नाय" यातलं एक चिकटवलं की झाला मराठी टच. आमच्याकडच्या विनोदाला मीम अजून सापडलेलं नाही, कारण तो आवाज न करता केला जातो. नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर इथे रोज नवा विनोद होतो, आणि तो करणाऱ्याच्या हातात रिकामी घागर असते. तो ऐकायचा तर रांगेत उभं राहावं लागतं.

फुकट आणि महाग

दिवाळीनंतर पुण्याला गेलो आणि तो मसुदा बंद करायची विनंती केली. त्याजागी साधी ओळ सुचवली: हप्ता अमुक तारखेला आहे, अडचण असेल तर या नंबरवर बोला. सासू काढायला कुणाचीच हरकत नव्हती. अडलं ते नंबरवर. कारण नंबर दिला की तो उचलायला मराठी बोलणारा माणूस बसवावा लागणार, आणि माणसाला पगार लागतो. विनोद फुकट होता. तेव्हा कळलं की आपल्याला विनोद करायला का सांगितलं होतं. माणूस न ठेवता माणूस बोलतोय असं वाटावं, म्हणून.

ओळ निघाली. नंबर आला नाही. पुढे मीही निघालो. आता घरूनच दुसऱ्या कंपनीचं काम करतो. तिथे कुणी गमतीदार मेसेज दाखवला की मी विचारतो, हा ज्याला जाणार त्याचा सगळ्यात वाईट दिवस कसा असेल? आणि त्यानं उलटून काही म्हटलं, तर ते कोण वाचणार? बऱ्याचदा मीटिंग लांबते.

संक्रांतीला मामाला फोन केला. तिळगूळ झाला, हवापाणी झालं, मग सांगून टाकलं. "मामा, ती सासूची ओळ मी लिहिली होती."

पलीकडे बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

"तू व्हय," मामा म्हणाला. "मग पोचलं म्हण की माझं उत्तर."

आणि त्यानं आईकडे फोन द्यायला सांगितलं.